एक टक्क्याचे वाङ्मय

माणसाने आपण जसे आहोत तसे राहू नये, निदान येत्या सोमवारपासून तरी राहू नये, या गृहीतकावर जो गद्य ग्रंथांचा प्रकार उभा आहे आणि मराठी पुस्तकांच्या दुकानांत जो ‘व्यक्तिमत्त्व विकास’ अशा पाटीखाली मांडलेला आढळतो, त्याचा विचार बहुधा लेखकाच्या किंवा प्रकाशकाच्या बाजूने होतो; ज्याने ते पुस्तक विकत घेऊन उशाशी ठेवले आहे आणि ज्याच्या आयुष्यात त्यायोगे उशीची उंची तेवढी वाढली आहे, त्या वाचकाच्या बाजूने तो क्वचितच केला जातो. या वाङ्मयाला येथे सोयीसाठी ‘सुधारवाङ्मय’ असे म्हटले आहे. ज्या ग्रंथाचा विषय स्वतः वाचकच असतो, ज्याच्या मुखपृष्ठावर बहुधा एखादा आकडा किंवा शिडी असते, आणि जो मिटताना वाचक तो उघडतानाच्या मानाने थोडा तरी बरा माणूस झालेला असावा अशी अपेक्षा असते, तो सुधारग्रंथ होय. सवयी, पैसा, वेळेचे नियोजन, वाटाघाटी, नेतृत्व आणि मनुष्य असा का वागतो याचे मानसशास्त्र, हे सर्व एकाच कपाटात सुखाने नांदते. मानसशास्त्राचे खंड जाड असल्यामुळे त्यांना खालची फळी मिळते, एवढाच काय तो भेदभाव.

या वाङ्मयाच्या अभ्यासासाठी म्हैसूर शहराच्या वायव्येकडील गोकुलम या वस्तीइतके सोयीचे ठिकाण दुसरे सापडणे कठीण आहे. मराठी कानाला हे नाव ऐकताच प्रथम कोल्हापूरची दुधाची पिशवी आठवते. परंतु येथे दूध ‘नंदिनी’चे मिळते आणि वस्तीची कीर्ती निराळ्याच कारणाने सातासमुद्रापार गेलेली आहे. के. पट्टाभी जोइस (१९१५–२००९) यांची अष्टांग योगाची शाळा २००२ साली लक्ष्मीपुरम या जुन्या भागातून गोकुलममध्ये आली, आणि तेव्हापासून पहाटेच्या अंधारात गुंडाळलेली चटई काखोटीला मारून झपझप चालणारे परदेशी स्त्रीपुरुष हा येथील रस्त्यांचा स्थायीभाव झाला. दुसरीकडे, हेब्बाळ औद्योगिक वसाहतीतील इन्फोसिसचे विस्तीर्ण प्रशिक्षण केंद्र, यादवगिरीच्या बाजूची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था आणि मानसगंगोत्री परिसरातील भारतीय भाषा संस्थान यांच्या निमित्ताने पुण्या-कोल्हापूर-नागपूरकडील मराठी माणसेही या भागात येतात व राहतात. पहिला वर्ग शरीर वाकवण्यासाठी आलेला असतो आणि दुसरा न वाकता बढती मिळवण्यासाठी. तथापि दोहोंच्या पिशवीत निघणारी पुस्तके पुष्कळदा तीच असतात.

गोकुलमचे महत्त्व आणखी एका वचनात आहे. पट्टाभी जोइस यांच्या नावावर सांगितले जाणारे, आणि अष्टांग योगाच्या जगात सर्वतोमुखी झालेले, सूत्र असे की योग हा ९९ टक्के सराव आणि १ टक्का सिद्धांत होय. जोइस यांनी या प्रमाणाशी बरीच इमानदारी राखलेली दिसते, कारण त्यांचा ‘योगमाला’ हा कन्नड ग्रंथ १९६२ साली प्रसिद्ध झाला आणि इंग्रजीत यायला त्याला १९९९ साल उजाडावे लागले. मधल्या ३७ वर्षांत परदेशी शिष्य ग्रंथावाचून घाम गाळत राहिले आणि त्यांचे काही अडल्याचे दिसत नाही. त्याच परंपरेतील, म्हणजे तिरुमलाई कृष्णमाचार्यांच्या म्हैसूरमधील योगशाळेतील, दुसरे शिष्य बी. के. एस. अय्यंगार यांना गुरूंनी १९३७ साली पुण्यास पाठवले, आणि १९६६ साली त्यांचा शेकडो छायाचित्रांनी भरलेला जाडजूड इंग्रजी ग्रंथ बाहेर पडला. अय्यंगारांचा स्वतःचा सराव कोणाहूनही कमी नव्हता; परंतु पुण्यात मुक्काम झाला की ग्रंथ होतोच, हे सामाजिक सत्य यावरून अधोरेखित होते.

जोइस यांचे प्रमाण सुधारवाङ्मयाला लावून पाहिले असता जो हिशेब निघतो तो हृदयविकार असलेल्या वाचकांनी बसून वाचावा. तीनशे पानांचा एक ग्रंथ वाचण्यास सहा तास लागतात असे धरले आणि हे सहा तास म्हणजे एक टक्का असे मानले, तर त्या ग्रंथापोटी ५९४ तासांचा सराव देणे लागते. रोज दीड तास या दराने ही परतफेड ३९६ दिवसांत होते. याचा अर्थ, सचोटीच्या वाचकाला तेरा महिन्यांतून एकच सुधारग्रंथ उघडण्याचा अधिकार पोचतो. वर्षाकाठी ५२ पुस्तके, म्हणजे आठवड्याला एक, वाचण्याचा जो संकल्प दर जानेवारीत सोडला जातो, तो पाळणाऱ्या मनुष्यावर वर्षअखेरीस ३०,८८८ तासांचा सराव थकलेला असतो, आणि वर्षाचे एकूण तास ८,७६० असल्यामुळे हे कर्ज फेडण्यास त्याला न झोपता, न जेवता व पुढले एकही पुस्तक न उघडता साडेतीन वर्षे लागतील. अशा कर्जदारावर कोणतीही पतपेढी जप्ती आणत नाही, हे वाचनसंस्कृतीचे सुदैव होय.

सुधारवाङ्मयाचा आधुनिक इतिहास सॅम्युअल स्माइल्स या स्कॉटिश गृहस्थाच्या ‘सेल्फ-हेल्प’ या १८५९ सालच्या पुस्तकापासून मोजण्याची रीत आहे. योगायोग असा की चार्ल्स डार्विनचा उत्क्रांतीवरील ग्रंथही त्याच वर्षी निघाला. सजीवांत बदल घडण्यास प्रचंड काळ लागतो असे डार्विनने सांगितले आणि तेच काम चिकाटीने एका हयातीत उरकता येते असे स्माइल्सने. वाचकांनी अर्थातच मनातून स्माइल्सची बाजू घेतली. पुढे १९३६ साली डेल कार्नेगी, १९३७ साली नेपोलियन हिल, १९८९ साली सात सवयींचे स्टीफन कव्ही आणि २०१८ साली अणुमात्र सवयींचे जेम्स क्लिअर अशी ही परंपरा येते. या यादीत सवयींचा आकार वर्षागणिक लहान होत गेलेला दिसतो, त्यावरून वाचकाच्या दमाविषयी लेखकांचे मत काय होत गेले याचा अंदाज बांधता येतो.

यांपैकी कार्नेगी यांचा मराठी घराशी आलेला संबंध विशेष तपशिलाने पाहण्याजोगा आहे. लोकांना जिंकण्यासाठी त्यांनी जे उपाय सुचवले त्यांत हसतमुख असणे, मनापासून कौतुक करणे, समोरच्याचे ऐकून घेणे आणि त्याला त्याच्या नावाने हाक मारणे हे प्रमुख आहेत. यांतील पहिला उपाय मराठी घरात अमलात आणला की घरातील ज्येष्ठ व्यक्ती ‘काय झालं हसायला?’ असे विचारते, आणि कारण सांगता न आल्यास प्रकरण डॉक्टरांपर्यंत जाते. कौतुकाची गोष्ट आणखी नाजूक आहे. मराठीत प्रशंसेची सर्वोच्च श्रेणी ‘बरं झालंय’ ही असून तिच्यावर ‘मागच्या वेळेपेक्षा’ एवढा अलंकार तेवढा चढवता येतो; अशा भाषेत वाढलेल्या गृहस्थाने पुस्तकाबरहुकूम आमटीची तोंड भरून स्तुती केली, तर कर्त्या बाईला आनंद होण्याऐवजी हा आता किती हजारांची मागणी करणार अशी शंका येते. ऐकून घेण्याविषयी एवढेच सांगणे पुरे की गोकुलमपासून जवळच, मानसगंगोत्रीत, १९६५ साली स्थापन झालेली अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था आहे, आणि तेथे ऐकू न येण्यावर शास्त्रशुद्ध उपचार होतात. ऐकू येत असून न ऐकण्याचा विकार मात्र त्या संस्थेच्या कक्षेबाहेर पडून पुस्तकांच्या वाट्याला आलेला आहे.

नावाचा उपाय तर मराठी संसाराच्या मुळाशीच भिडतो. मनुष्याला स्वतःच्या नावाएवढा गोड शब्द दुसरा नसतो असे कार्नेगी यांचे मत होते (त्यांनी स्वतःच्या आडनावाचे वर्णलेखन मात्र बदलून घेतले होते, हे येथे केवळ नोंदीसाठी सांगितले). मराठी परंपरेत पत्नीने पतीचे नाव घ्यावयाचे नसे. त्याला ‘अहो’ या सर्वनामसदृश अव्ययाने संबोधले जाई, आणि नाव घेण्याचा प्रसंग मंगलकार्यात इतर बायकांनी अडवून धरल्यावरच येई, तोही उखाण्यात, म्हणजे ज्या दोन यमकबद्ध ओळींत चांदीचे ताट, जाईची फुले किंवा महादेवाची पिंड यांच्या आडोशाने नाव सरकवले जाते अशा रचनेत. म्हैसूरकडील कन्नड घरांत याच कामासाठी ‘री’ हे एकाक्षरी संबोधन आहे, म्हणजे ‘अहो’चे अर्ध्या खर्चातील भावंड. ज्या दोन संस्कृतींनी पतीला त्याचे नाव ऐकू न देता शतकानुशतके संसार चालवले, त्यांच्यापुढे नावाच्या माधुर्याचे तत्त्व ठेवण्यात थोडी घाई झाली असे म्हणावे लागते. कार्यालयात परिस्थिती उलट आहे. तेथे प्रशिक्षणात साहेबांना पहिल्या नावाने हाक मारण्याचे शिकवले जाते, आणि सांगली-साताऱ्याकडून आलेला नवशिका अभियंता सहा महिने वाक्यरचनाच अशी करतो की हाक मारण्याची वेळ येऊ नये.

सुधारवाङ्मय पाश्चात्त्यांनी आणले हा समज म्हैसूरमध्ये तरी टिकू नये, कारण या प्रकारातील एका अतिप्राचीन आणि अतिकठोर ग्रंथाचा शोध याच शहरात लागला. येथील प्राच्य ग्रंथालयाचे ग्रंथपाल आर. शामशास्त्री यांच्या हाती १९०५ साली तंजावर जिल्ह्यातील एका पंडिताने ताडपत्रांची पोथी दिली. ती कौटिलीय अर्थशास्त्राची निघाली, आणि १९०९ साली शामशास्त्रींनी तिची संहिता छापून प्रसिद्ध केली. पंडिताने ती पोथी स्वतःच्या उन्नतीसाठी किती वापरली होती हे इतिहास सांगत नाही; परंतु घरातील अवघड पुस्तक ग्रंथालयाला देऊन मोकळे होण्याच्या प्रथेचे हे एक गौरवशाली उदाहरण आहे. पुढे मुंबई विद्यापीठासाठी र. पं. कंगले यांनी १९६० ते १९६५ या काळात तिची चिकित्सक आवृत्ती, भाषांतर आणि अभ्यास तीन भागांत सिद्ध केला, तेव्हा या ग्रंथाला मराठी हातही लागला.

अर्थशास्त्रात राजाची दिनचर्या दिलेली आहे. दिवसाचे आठ व रात्रीचे आठ भाग करून, म्हणजे प्रत्येकी सुमारे दीड तासाचे, प्रत्येक भागाला एकेक काम नेमलेले आहे. हल्ली ज्याला ‘टाइम ब्लॉकिंग’ म्हणतात आणि ज्याच्या छापील वह्या मिळतात, ते हेच. रात्रीच्या चौथ्या व पाचव्या भागात राजाने झोपावे आणि सहाव्या भागात वाद्यांच्या गजरात उठून शास्त्राचे व दिवसाच्या कर्तव्यांचे चिंतन करावे, अशी आज्ञा आहे. सूर्यास्त सहाला धरला तर राजाची झोप साडेदहाला सुरू होऊन दीडला संपते. रॉबिन शर्मा यांनी २०१८ साली पहाटे पाचला उठणाऱ्यांच्या मंडळाविषयी जे पुस्तक लिहिले, ते कौटिल्याच्या दृष्टीने उशिरापर्यंत लोळणाऱ्यांचे मंडळ ठरते. गोकुलममध्येही पहाटेची वेळ मानाची समजली जाते, आणि सरावाला आलेला विद्यार्थी रात्री आठ-नऊलाच दिवा मालवतो. त्यामुळे या वस्तीत अमेरिकन तरुण आणि मराठी आजोबा यांचे वेळापत्रक एक झाले असून दोघांनाही रात्री दहाला वाजणाऱ्या लग्नाच्या बँडचा सारखाच राग येतो. कौटिल्याने मात्र हे सर्व सांगून झाल्यावर, राजाने आपल्या शक्तीप्रमाणे या विभागणीत फेरफार केला तरी चालेल, अशी सवलत ठेवली आहे. ग्रंथकाराला वाचकाची ओळख होती याचा याहून मोठा पुरावा नको.

मराठीत सुधारणेचा मार्ग समर्थ रामदासांनी वेगळ्या बाजूने काढला. यशस्वी माणसाच्या सवयी सांगण्याआधी त्यांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकाच्या पहिल्याच समासात मूर्खाची लक्षणे मोजून दिली आणि त्याच दशकाच्या शेवटी ‘पढतमूर्ख’ हा स्वतंत्र वर्ग पाडला. पढतमूर्ख म्हणजे जो बहुश्रुत आहे, दुसऱ्याला उत्तम ज्ञान सांगतो आणि स्वतः त्यातील काही करत नाही, असा विद्वान. मूर्खांच्या यादीत चालता चालता खाणारा आहे, दोघे बोलत असता मध्ये जाऊन बसणारा आहे, स्वतःची स्तुती स्वतःच करणारा आहे. आणि, प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पुस्तकाची निगा न राखणारा आणि स्वतः कधी न वाचता, दुसऱ्यालाही वाचू न देता पुस्तक बांधून ठेवणारा हेही आहेत. सतराव्या शतकात, छापील पुस्तकांचे दुकान महाराष्ट्रात नसताना, हा वाचक समर्थांना भेटला कोठे, हा संशोधनाचा विषय आहे.

वाचकाला चढवण्याच्या आणि मूर्खलक्षणे मोजून देण्याच्या या दोन पद्धतींचा वाचकावर होणारा परिणाम उलटसुलट आहे. बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली आपल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली, प्रत्येकाला त्याचे म्हणून एक वर्णन दिले आणि ते कितपत जुळते याला पाचपैकी गुण देण्यास सांगितले. सरासरी ४.२६ आली. वस्तुतः सर्वांना तोच एक कागद दिलेला होता, आणि त्यातील वाक्ये फोररने फुटपाथी ज्योतिषाच्या पुस्तकातून जमवली होती. ‘तुमच्यात पुष्कळ सुप्त गुण आहेत’ या धर्तीचे विधान ज्याला लागू पडत नाही असा मनुष्य स्वतःच्या मते अजून जन्मलेला नाही. सुधारग्रंथाच्या पहिल्या प्रकरणाची सारी मोहिनी या सत्यावर उभी असते. दासबोधातील मूर्खलक्षणे वाचताना नेमका उलटा चमत्कार घडतो. एकेक लक्षण वाचताच वाचकाला मेहुणा, शेजारी, सोसायटीचा सचिव आणि वरचा साहेब डोळ्यांसमोर स्पष्ट दिसू लागतात. समर्थांनी हा माणूस तीनशे-साडेतीनशे वर्षे आधी हुबेहूब कसा टिपला याचे नवल वाटते. आणि समास संपतो तेव्हा वाचकाला सगळे भेटलेले असतात, तो स्वतः सोडून. कौतुकाच्या कागदात प्रत्येकाला आपला चेहरा दिसतो आणि निंदेच्या कागदात शेजाऱ्याचा, या नियमाला अद्याप कोणाचे नाव मिळालेले नसेल तर ते मिळावे.

मानवी वर्तनाच्या पुस्तकांत डॅनियल कानेमान यांच्या २०११ सालच्या, वेगवान व संथ विचारांवरील ग्रंथाचे स्थान अढळ आहे. गोकुलममध्ये काय किंवा कोथरूडमध्ये काय, घरात सुशिक्षित मनुष्य राहतो हे दाखवण्यास त्याचा एक कणा पुरतो. जॉर्डन एलनबर्ग या गणितज्ञाने २०१४ साली वाचनयंत्रावर वाचकांनी खुणा केलेल्या ओळी पुस्तकात कोठवर पसरल्या आहेत यावरून, ग्रंथ कितपत वाचला जातो याचा अर्धविनोदी निर्देशांक काढला होता. त्यात या ग्रंथाचा आकडा ६.८ टक्के आला. खुद्द कानेमान यांना हे वाचून फारसे आश्चर्य वाटले नसावे, कारण त्यांनीच त्या ग्रंथात स्वतःवरची गोष्ट सांगितली आहे. १९७०च्या दशकात इस्राएलमध्ये, निर्णय कसे घ्यावेत या विषयाचा शालेय अभ्यासक्रम व पाठ्यपुस्तक तयार करण्यासाठी त्यांनी एक मंडळ जमवले होते. काम केव्हा संपेल असे विचारता सर्वांनी दीड ते अडीच वर्षांचा अंदाज दिला. मग मंडळातील शिक्षणतज्ज्ञाला अशा इतर मंडळांचा अनुभव विचारला, तेव्हा त्याने सांगितले की सुमारे ४० टक्के मंडळांचे काम पुरेच होत नाही आणि ज्यांचे होते त्यांना सात ते दहा वर्षे लागतात. हे ऐकूनही मंडळाने काम तसेच चालू ठेवले. पुस्तक पुरे होण्यास आठ वर्षे लागली आणि तोवर शिक्षण खात्याचा उत्साह मावळल्यामुळे ते कधी वापरलेच गेले नाही. योग्य निर्णयाच्या पुस्तकाविषयी तज्ज्ञांनी घेतलेला हा निर्णय होता. या प्रवृत्तीला ‘नियोजनभ्रम’ म्हणतात, म्हणजे आपल्या कामाला लागणारा वेळ इतरांचा अनुभव डोळ्यांसमोर असूनही कमी धरण्याची खोड; मराठीत तिची शास्त्रीय व्याख्या ‘हे काय, निघालोच’ या तीन शब्दांत झालेली आहे, आणि बोलणारा त्या वेळी बहुधा टॉवेल शोधत असतो.

सवयींच्या काळाचीही अशीच कथा आहे. कोणतीही सवय २१ दिवसांत लागते, हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक शल्यविशारदाच्या १९६० सालच्या पुस्तकातून पसरला; रुग्णाला आपले नवे नाक अंगवळणी पडण्यास निदान २१ दिवस लागतात असे त्यांचे निरीक्षण होते. नाकाची ही मुदत पुढे व्यायाम, बचत व ध्यान यांना सरसकट लागू झाली आणि मूळचा ‘निदान’ हा शब्द वाटेत गळाला. लंडनमध्ये फिलिपा लॅली व सहकाऱ्यांनी ९६ जणांवर पाहणी केली तेव्हा सवय लागण्याचा सरासरी काळ ६६ दिवस निघाला, आणि व्यक्तीगणिक तो १८ ते २५४ दिवस होता. ‘२५४ दिवसांत सकाळी पाणी पिण्याची सवय’ असे नाव दिलेले पुस्तक कोणताही प्रकाशक छापणार नाही, यात प्रकाशकांचा दोष नाही.

प्रकाशकांच्या बाजूचे खरे मर्म गोकुलमच्या शेजारी, यादवगिरीत घर बांधून राहिलेल्या आर. के. नारायण यांनी ओळखले होते. त्या घराचे २०१६ साली संग्रहालय झाले. त्यांच्या ‘द फायनान्शियल एक्स्पर्ट’ (१९५२) या कादंबरीचा नायक मार्गय्या हा सहकारी बँकेसमोरच्या वडाखाली पेटी मांडून शेतकऱ्यांना कर्जाचे अर्ज भरून देणारा मनुष्य. लक्ष्मी प्रसन्न व्हावी म्हणून तो चाळीस दिवसांचे अनुष्ठान करतो, आणि लक्ष्मी येते ती डॉ. पाल नावाच्या इसमाने दिलेल्या एका हस्तलिखिताच्या रूपाने. हस्तलिखित दांपत्यजीवनाच्या शास्त्रावर असते, मुद्रक मदनलाल त्याचे भडक नाव बदलून ‘डोमेस्टिक हार्मनी’, म्हणजे गृहसौख्य, असे सोज्वळ नाव देतो, आणि पुस्तक धो-धो खपते. या पुस्तकाने मालगुडीतील किती घरांत सौख्य नांदले याविषयी नारायण काही बोलत नाहीत. प्रकाशक मार्गय्याच्या घरात मात्र पैसा आला, मुलगा बिघडला आणि सौख्य गेले, एवढे ते सविस्तर सांगतात. आत्मोन्नतीच्या पुस्तकाने उन्नती नेमकी कोणाची होते या प्रश्नाचा असा निर्मळ आर्थिक विचार एखाद्या विद्यापीठात झाला असता तर त्यावर परिसंवाद भरले असते.

आता प्रश्न उरतो तो वाचक पुनःपुन्हा नवे पुस्तक का घेतो याचा. याचे एक उत्तर पीटर गोलविट्झर व सहकाऱ्यांच्या २००९ सालच्या प्रयोगांत सापडते: आपला संकल्प दुसऱ्याने ऐकला व मान डोलावली की मनुष्याला तो काही अंशी पुरा झाल्यासारखा वाटतो आणि प्रत्यक्ष काम तो कमी करतो. पुस्तक विकत घेणे हा असाच एक मान डोलावणारा साक्षीदार असतो. नव्या पुस्तकाचे फिल्टर कॉफीच्या पेल्याशेजारी काढलेले छायाचित्र समाजमाध्यमावर चढले आणि चाळीस जणांनी अंगठा दाखवला की शिस्तबद्ध मनुष्य झाल्याचे समाधान पहिल्या प्रकरणाआधीच पदरात पडते. पुढील प्रकरणे वाचून त्या समाधानात भर पडण्याऐवजी घटच होण्याची भीती असते, म्हणून सुज्ञ वाचक तेथेच थांबतो. गोकुलममधील खोली सोडताना विमानाच्या वजनमर्यादेपुढे पहिला बळी पुस्तकांचा जातो आणि ती मागे राहतात. मराठी घरांत तसे होत नाही, कारण तेथे पुस्तक टाकून देणे हे पाप असून ते भाच्याला त्याच्या दहावीच्या निकालानंतर भेट देणे हे पुण्य आहे. पहिल्या पानावरचे पूर्वीच्या देणाऱ्याचे नाव तेवढे खोडावे लागते.

पुस्तकामागून पुस्तक घेण्याच्या या रोगावर गोकुलमच्या योगशाळेत जो तोडगा आहे तो पुस्तकविक्रेत्यांना कळला तर ते घाबरतील. ‘म्हैसूर पद्धत’ नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या या रीतीत विद्यार्थी ठरलेल्या क्रमाची आसने श्वासाच्या लयीत, स्वतःच्या गतीने, पाठ म्हणावी तशी करत जातो, आणि पुढले आसन गुरू स्वतः देईपर्यंत त्याने करावयाचे नसते. अडलेले आसन जमेपर्यंत तो तेथेच थांबतो, मग त्यात एक हंगाम जावो की तीन. ही रीत पुस्तकांच्या दुकानाला लावली तर गल्ल्यावरील गृहस्थ सवयींचे दुसरे पुस्तक मागणाऱ्या गिऱ्हाइकाला पहिल्याचा दाखला विचारील, लवकर उठण्याचे पुस्तक घेतलेल्यास पहाटे पाचला दुकानाच्या पायरीवर हजर राहण्यास सांगील, आणि पैशाच्या पुस्तकासाठी आलेल्याला उधारी आधी चुकती करावयास लावील. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात हा नियम एक दिवस जरी पाळला गेला, तरी संध्याकाळपर्यंत तेथे पाठ्यपुस्तके आणि पंचांगे एवढाच व्यवहार शिल्लक राहील.

मनुष्यस्वभाव सुधारण्याऐवजी त्याला वळसा घालण्याचीही एक युक्ती याच शाळेच्या नावावर आहे. तेथील घड्याळ सुमारे १५ मिनिटे पुढे लावलेले असे, आणि विद्यार्थ्यांत ‘शाळेची वेळ’ व ‘खरी वेळ’ अशा दोन वेळा रूढ होत्या. पाचला येण्यास सांगितलेला विद्यार्थी पावणेपाचला दारात उभा असे. नियोजनभ्रमावर एकही पान न लिहिता केलेला हा इलाज मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे, कारण लोकल, एसटी किंवा शाळेची बस चुकू नये म्हणून स्वयंपाकघरातील घड्याळ दहा मिनिटे पुढे ठेवण्याची पद्धत सर्वपरिचित आहे. फरक एवढाच की मराठी घरातील प्रत्येक सभासदाला ही दहा मिनिटे ठाऊक असतात, प्रत्येकजण ती मनातल्या मनात वजा करतो, काहीजण सावधगिरी म्हणून बारा वजा करतात, आणि नव्याने आलेला पाहुणा घड्याळाकडे पाहून घाईने उठू लागला की त्याला पुन्हा खाली बसवून ते पुढे असल्याचे सांगितले जाते.